मी उपटलेले अकरा काटे

आमच्या घरी वह्यांना कव्हरं पत्रकांची असायची. वडील गिरणीत होते, आणि सभेत वाटून उरलेली पत्रकं घरी आणायचे. त्यामुळे माझ्या पाढ्यांच्या वहीवर ‘धिक्कार’ आणि भूगोलाच्या वहीवर ‘जाहीर निषेध’. अशा घरातला मुलगा मोठा होऊन साधी सायकल घेईल? मी डोंगरातली घेतली. जुनी, पण जाड टायरांची, आत ट्यूब नसलेली. सोलापुरात डोंगर नाहीत हे मला माहीत होतं. पण पेट्रोलवर चालणारं काहीही वापरणार नाही असं मी जाहीर केलं होतं, आणि एकदा जाहीर केलं की आमच्याकडे माघार नसते.

ट्यूबलेस टायरचं मला पटलं ते त्याचं स्वावलंबन. टायरच्या आत सीलंट म्हणून दुधासारखं औषध ओततात. काटा घुसला की ते भोकाकडे धावतं, तिथंच घट्ट होतं आणि भोक बुजवतं. पंक्चरवाल्याचे पाय धरायला नकोत. यावर मी लेखही लिहिला होता. ते औषध दर दोन-तीन महिन्यांनी नव्यानं ओतावं लागतं, आणि उन्हाच्या गावात त्याहून लवकर, हे बाटलीवर छापलेलं होतं. लेख लिहिण्याच्या नादात बाटली वाचायची राहिली.

त्या दिवशी मला कुंभारीला जायचं होतं. आई तिथल्या कामगार वसाहतीत राहते, विड्या वळते. बस हायवेलाच थांबायची, आणि बायका पानं-तंबाखूचं ओझं डोक्यावर घेऊन उन्हातून चालत आत जायच्या. बस वसाहतीत यावी म्हणून आईनं दारोदार फिरून सह्या आणि अंगठे गोळा केले होते. अकरा वाजता बसचे साहेब पाहणीला येणार होते. लेखी अर्ज हातात पडल्याशिवाय पुढं काही होणार नाही, असं त्यांनी आधीच कळवलं होतं. अर्ज आणि सह्यांचे कागद माझ्याकडे होते, कारण अर्ज मीच लिहिणार हा माझा हट्ट. आईच्या शेजारच्या काकू म्हणाल्या होत्या, “माझा भाऊ गाडीवर येतोय की, त्याच्याकडं दे.” मी काकूंना पेट्रोलवर दहा मिनिटं सुनावलं.

निघताना टायर तपासले. मागच्या टायरमध्ये वेड्या बाभळीचे काटे रुतलेले दिसले. मोजले तर अकरा. हवा मात्र टिच्चून भरलेली. पण घुसखोर डोळ्यांना दिसत असताना त्यांना घेऊन फिरायचं? पक्कड आणली, एकेक उपटला, उंबऱ्यावर ओळीनं मांडला आणि फोटो काढला. टायर बारीक फुसफुसला. म्हटलं, औषध धावतंय.

औषध कधीच वाळून गेलं होतं. भोकं इतके दिवस काट्यांनीच बुजवून धरली होती. अक्कलकोट रोडला शहर संपता संपता मागचं चाक बसलं. मी तरी रेटलं, तेव्हा टायरची कड रिममधून सुटली. हातपंप काढला. जेवढी हवा भरावी तेवढी कडेनं बाहेर. ती कड बसायला हवेचा एकदम मोठा झोत लागतो, म्हणजे कॉम्प्रेसर, म्हणजेच पंक्चरवाला. सायकल ढकलत दुकानापर्यंत गेलो तेव्हा दहा वाजून गेले होते.

दुकानातल्या चाचांनी टायर उघडला. आत औषधाची खरवड झाली होती, पातेल्याच्या बुडाला दूध लागावं तशी.

“काटे थे क्या इसमें?”

“होते. सगळे काढले मी.”

“निकाले? कायकू?”

“मग काय, तसेच ठेवायचे?”

“अरे वोईच तो हवा पकड के बैठे थे, साब!” चाचांनी कपाळाला हात लावला. “ट्यूब डालता हूँ.”

“ट्यूब नको. हा ट्यूबलेस आहे.”

“अब हवालेस बी है.”

मी तत्त्व समजावून सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात पिशवी खांद्यावरून घसरली. आतले अंगठे आठवले. म्हटलं, “घाला.”

चाचांनी टायरच्या आतून चिंधी फिरवली. ती तीन ठिकाणी अडकली. माझ्या पकडीत मोडून आत राहिलेली तीन टोकं निघाली. “ये निकालने के थे,” ते म्हणाले. मग साध्या सायकलची ट्यूब ताणून आत बसवली.

हायवेवरून कुंभारीच्या वसाहतीकडे वळलो तेव्हा साडेअकरा होत आले होते. फाट्यावर साहेबांची गाडी रिकामी उभी. पुढं रस्त्यावर बायकांचा घोळका, आणि मधोमध डोक्यावर रुमाल टाकून, घामाघूम साहेब चालताना दिसले. अर्ज आला नाही म्हणून ते परत निघाले होते. आई त्यांना म्हणाली होती, “गाडी हितंच ऱ्हाऊ द्या. आमी रोज जातो तसं चला की. तंवर पोरगं येतंय.”

मी धापा टाकत अर्ज पुढं केला. साहेबांनी पहिलं पान वाचलं. दुसरं वाचलं. तिथं अजून यंत्रयुगाचा उदय चालू होता.

“मागणी कुठाय?”

“उलटा अजून, सायेब,” आई म्हणाली. “आमचं पोरगं मुद्द्याला उशिरा येतंय.”

बायका खदाखदा हसल्या. साहेबही हसले. चौथ्या पानाच्या तळाशी त्यांना बस सापडली. ते पान त्यांनी दोनदा वाचलं, वर मान करून मागं राहिलेला रस्ता बघितला आणि खिशातून पेन काढून पोच दिली.

आता बस वसाहतीत येते, आईच्या दारापासून चार घरांवर थांबते. परवा मी त्याच बसमधून उतरलो. आई सूप मांडीवर घेऊन ओट्यावर विड्या वळत होती.

“सायकल कुटाय रं?”

“टायरचं काम निघालंय.”

“आन् तुझं ते जाहीर?”

मी सांगितलं की जाहीर केलं होतं ते पेट्रोलचं. बस डिझेलवर चालते.