चंद्रामायचं पोतं

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, मोर्शीच्या बहिणीलाही नाही — आणि तिला तर मी भाजीत मीठ जास्त पडलं तरी फोन करून सांगते. तुम्हाला सांगते आहे, कारण तुम्ही मला ओळखत नाही. अमरावतीचे असाल तर कधीतरी माझ्याकडून वांगी घेतलीही असतील. घेतली असतील तर घेतली. ऐका.

आमच्या जुन्या भाजीबाजाराला आता पत्रे ठोकलेत. आत तोडकाम चालू आहे, तिथं मोठी इमारत होणार म्हणतात. पत्र्याच्या फटीतून बघितलं की मला काही ओळखू येत नाही. कडुलिंब कुठं होता? नळ कुठं होता? सत्तावीस वर्षं मी तिथं बसले, आणि आता बोट दाखवून सांगता येत नाही की माझा ओटा इथं होता.

सकाळी हर्रास, म्हणजे भाजीचा लिलाव, संपली की बाजाराला एक वास यायचा. ओल्या पोत्यांचा, मेथीचा, आणि सगळ्यांवर सांभाराचा. पुण्याकडचे लोक कोथिंबीर म्हणतात. आम्ही सांभारच म्हणतो. थंडीत आमच्या मोर्शीकडची संत्री यायची, मग दोन महिने सगळ्या बाजाराची बोटं पिवळी. चहा एकाचा, बशा तिघींच्या. गिऱ्हाईक भेदरं, म्हणजे टमाटे, दाबून बघायला लागलं की पलीकडून कोणीतरी हमखास म्हणायचं, "पोरगी पाहून राह्यले का भाऊ?" आणि ते बिचारं लाजून दुप्पट घेऊन जायचं. मला हे सगळं फार आठवतं. बोलायला लागले की थांबवत नाही. पण आज मी त्याच्यासाठी नाही बसले.

जागा राखायची आमची एक रीत होती, ती आधी सांगते. नाहीतर पुढचं कळणार नाही. कोणाला गावाला जायचं असेल, दुखणंखुपणं असेल, तर तिनं आपलं पोतं शेजारणीकडं द्यायचं. शेजारणीनं रोज सकाळी ती जागा झाडायची, पाणी मारायचं, पोतं अंथरायचं आणि वर एक वीट ठेवायची. पोतं दिसलं की तिथं कोणी बसायचं नाही. भांडणात एकमेकींच्या झिंज्या धरणाऱ्या बायकाही पोत्याला हात लावत नसत. लिहिलेलं कुठंच नव्हतं हे. लिहायची गरज कोणाला होती?

चंद्रामाय माझी शेजारीण. म्हणजे ओटा माझा — सासूबाईंकडून आलेला — आणि ओट्याच्या नि खांबाच्या मधली जी बोळकांडी, ती तिची. एक माणूस मांडी घालून बसेल एवढीच. सांभार, कढीपत्ता, लिंबं, हंगामात अंबाडी. नवरा लवकर गेला, एकच लेक, ती अकोल्याला दिलेली. मी लग्न होऊन बाजारात आले तेव्हा मला वांगी रचायलासुद्धा येत नव्हती. देठ आत की बाहेर, इथपासून तिनं शिकवलं. सासूबाई नुसत्या रागवायच्या. शिकवायची ती.

मोठ्या मुलीच्या वेळी मी बाळंतपणाला माहेरी गेले. सासूबाई तेव्हा अंथरुणाला खिळलेल्या. तीन महिने आमच्या ओट्यावर चंद्रामायनं पोतं अंथरलं. मध्ये एक दांडगा माणूस फुलकोबीची पोती घेऊन आला आणि वीट बाजूला करायला लागला, तेव्हा ती त्याच्यासमोर उभी राहिली म्हणे. "जागा रिकामी नाई हाय. पोरगी बाळंतपणाले गेली, मेली नाई." हे वाक्य पुढं बाजारात किती वर्षं चाललं. कोणी चहाला उठलं तरी म्हणायचे, बाळंतपणाले गेली, मेली नाई. मीही हसायचे.

आता तरी सांगावं ना? सांगते.

चार वर्षांपूर्वी नव्या इमारतीसाठी जागांची मोजणी आली. आधी महिनाभर नुसती कुजबुज — कोणाला गाळा मिळणार, कोणाला नाही. ज्याच्या जागेची रुंदी भरेल त्याला खाली गाळा, बाकीच्यांना वरच्या मजल्यावर, असं सगळे म्हणत होते. वर वांगी घ्यायला कोण चढणार? आमचा ओटा हातभर कमी पडत होता. मी ओढणीनं मोजून बघितलं होतं. दोनदा.

नेमकं त्याच दिवसांत चंद्रामायला डोळ्याच्या ऑपरेशनसाठी लेकीकडं अकोल्याला जायचं होतं. तिनं पोतं माझ्या मांडीवर ठेवलं. "टाकत जाजो वं सुमन. मोजणीवाले आलेच तं नाव सांगजो माह्यं." मी म्हटलं, काळजी करू नको.

सहा दिवस मी पोतं टाकलं. सातव्या दिवशीही टाकलं होतं, वीट ठेवली होती. मग कळलं की टेप घेऊन माणसं आली आहेत, लसणाच्या रांगेपासून सुरुवात केली आहे. मी वीट उचलली. पोत्याची घडी केली आणि माझ्या बुडाखाली घेतली. त्या जागेवर वांग्यांची पाटी सरकवली.

हात आपोआप गेला, असं मी सांगणार होते. ते खोटं आहे. मी आधी इकडंतिकडं बघून घेतलं होतं.

वहीवाला आला. तरुण होता, घामेजलेला, शब्दानं वाकडा नव्हता. त्यानं विचारलं, "ही मधली जागा कोणाची?"

"आमचीच," मी म्हणाले.

एवढंच. त्यानं टेप ओट्यापासून खांबापर्यंत धरली, आकडा लिहिला, पिवळ्या रंगानं नंबर टाकला आणि पुढं गेला. समोरच्या लसूणवाल्यानं ऐकलं की नाही, मला आजही माहीत नाही. त्यानं विचारलं नाही, मी त्याच्या डोळ्यांकडं बघितलं नाही. आणि दुसऱ्या दिवशी — हे सांगायला मला जास्त जड जातंय — दुसऱ्या दिवशी सकाळी मी ती जागा झाडली, पाणी मारलं आणि पोतं पुन्हा अंथरलं. वर वीट ठेवली. कोणासाठी केलं ते? ती तर अकोल्यात होती.

ती काळा चष्मा लावून परत आली. पोत्यावर बसली, हातानं चाचपून सांभाराच्या जुड्या लावल्या आणि पहिलंच विचारलं, "माह्यं नाव लिवलं का?" मी म्हटलं, मी सांगितलं होतं त्यांना. लिहिलं की नाही कोण जाणे. झालं. त्या दिवसापासून ती वहीवाल्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करायला लागली. बाजारात प्रत्येकाला सांगायची, "सुमननं सांगतलं होतं, पण त्या मेल्यानं लिवलंच नाई." मी शेजारी बसून ते ऐकायचे. कधी कधी मानही हलवायचे.

पुढं यादी लागली, तिच्यात तिचं नाव नव्हतं. दोन साक्षीदार आणले तर नाव घालता येईल, असं तिला कार्यालयात कोणी तरी सांगितलं. साक्षीदार म्हणून ती दुसऱ्या कोणाकडं जाणार? मी म्हटलं, सोमवारी जाऊ. सोमवारी मी मोर्शीला निघून गेले. बहिणीला बरं नाही, असं सांगून. बहीण चांगली ठणठणीत होती, आम्ही दोघींनी मिळून पापड लाटले. मग मुदत संपली.

भीती होती का? होतीच. खोटं उघडं पडलं असतं तर माझाही गाळा गेला असता. पण भीती मोजणीच्या दिवशी नव्हती. त्या दिवशी फक्त हाव होती. तिला दुसरं नाव मी शोधलं, मिळालं नाही.

गेल्या महिन्यात आम्हाला बाजूच्या मैदानावर तात्पुरते पत्र्याचे गाळे दिले. माप वहीतल्या आकड्याचं. मला तोंडावरचा, ऐसपैस. चंद्रामाय आता मैदानाबाहेर रस्त्याच्या कडेला बसते. अतिक्रमणाची गाडी आली की पोतं गुंडाळून उठते, गाडी गेली की पुन्हा अंथरते. तिचं पोतं राखणारं आता कोणी नाही. मी आहे, पण रस्त्यावर बसलेली ती मला दिसत नाही — मी गाळ्यात आतल्या बाजूला बसते.

गाळ्याची पूजा केली त्या दिवशी मी तिला बोलावलं नव्हतं. ती आली. एक नारळ आणि सांभाराची जुडी घेऊन आली, पहिली भाजी म्हणून माझ्या पाटीत ठेवली. चष्मा काढला. तिला आता एकाच डोळ्यानं नीट दिसतं. तिनं पत्र्याच्या भिंतीला हात लावला आणि हात टेकवत टेकवत दुसऱ्या भिंतीपर्यंत गेली. मग अंदाज घेतल्यासारखी मध्ये उभी राहिली.

"मोठी भेटली वं तुले," ती म्हणाली. खरंच खूश होती. "आपुन दोघी बसलो असतो एवढी हाय."

मी म्हणाले, "हो माय."

मग गिऱ्हाईक आलं आणि मी वांगी तोलायला घेतली.