तीन प्रतींचे अब्बासभाई

अब्बासभाईंची ओळख होण्याआधीच मला त्यांचा संशय आला होता. आखातात शुऐब्याला बंदराचं काम चालू होतं. तिथल्या कंत्राटदाराच्या कॅम्पात मी स्टोअरकीपर म्हणून लागलो आणि पहिल्याच आठवड्यात जुन्या याद्या तपासायला बसलो. दवाखान्याच्या नावावर कापूस, टिंक्चर, बँडेज होतं, ते ठीक. पण कार्बन पेपर ऑफिसपेक्षाही जास्त गेला होता. कंपाउंडरला एवढा कार्बन कशाला लागतो, हे विचारायला मी गेलो. दवाखान्याच्या उत्तरेकडच्या भिंतीवर थर्मामीटर टांगलेलं होतं आणि पन्नाशीचा एक किडकिडीत माणूस ते वाचत उभा होता.

"आज फार गरम आहे, नाही?" मी सुरुवात म्हणून म्हटलं.

"कालच्यापेक्षा दोन डिग्री कमी आहे," वहीत आकडा लिहीत ते म्हणाले. "फार गरम आहे असं तुम्हाला कोणी सांगितलं?"

अब्बासभाई मूळचे केळशीचे. दापोलीच्या एका डॉक्टरांकडे त्यांनी बरीच वर्षं औषधं बांधली होती. डॉक्टर आता निवृत्त झाले होते, पण अब्बासभाई त्यांना दर आठवड्याला पत्र लिहीत. वारा कुठून आला, पारा किती चढला, कॅम्पात कोणाला काय झालं, तो कुठल्या गावचा, काय खातो. प्रत्येक पत्राच्या तीन प्रती. एक टपालानं, एक मुंबईच्या बोटीनं घरी निघालेल्या माणसाबरोबर, एक स्वतःच्या ट्रंकेत.

"टपाल विमानानं जातं, अब्बासभाई. बोट बुडायची भीती नाही आता."

"विमानं पडत नाहीत वाटतं?"

ही सवय त्यांनी एका पुस्तकातून उचलली होती. मायदेशी परतताना एक अमेरिकन इंजिनियर आपली पुस्तकं वाटून गेला, त्यातलं हे एक जाडजूड. अमेरिका अजून नवी होती तेव्हाच्या डॉक्टरांनी, जमीन मोजणाऱ्यांनी, शेतकऱ्यांनी एकमेकांना लिहिलेली पत्रं त्यात होती. कुठली नदी कुठे वळते, दलदलीजवळ कुठल्या महिन्यात ताप येतो, कुठलं मूळ कशावर उगाळून देतात. जहाज बुडेल म्हणून हे लोक एकच पत्र दोन-तीन जहाजांनी पाठवत. अब्बासभाई जेवणानंतर एकेक पत्र वाचत आणि लिहिणाऱ्यांशी भांडत. "हा शहाणा नदी न बघताच नकाशा काढतोय," ते मला सांगत. "पण खाली तसं लिहून ठेवलंय, की हा भाग ऐकीव आहे. याला माफ." तोच न्याय ते आम्हाला लावत. कॅम्पात कोणी काही बातमी आणली की विचारत, "पाहिलंत की ऐकलंत?" 'ऐकलं' म्हटलं की हसत.

कॅम्पात त्यांना कंपनीचा खबऱ्या समजत. मला तर त्याहून वाईट शंका होती. बंदर, तेल, आणि एक माणूस रोज वाऱ्याची दिशा लिहून तीन वाटांनी बाहेर पाठवतो! माझ्या डायरीत मी नोंद केली होती : 'अब्बास. कार्बन. लक्ष ठेवणे.'

त्या हिवाळ्यात माणसं पोट धरून दवाखान्यात येऊ लागली. मुरडा असा की गुडघे छातीशी घेऊन पडायची. शौचाला होत नसे, चेहरे पांढरे. जुलाब नाही, ताप नाही, त्यामुळे मॅनेजरसाहेबांना ही सोंगं वाटली. केळशीजवळच्याच युसुफ नावाच्या गवंड्याचा उजवा हात मनगटातून लोंबायला लागला, थापी धरवेना. साहेब म्हणाले, हा तर नटच आहे. त्यांनी अकरा कामचुकारांची यादी करायला सांगितली, पुढच्या बोटीनं घरी पाठवायला. यादी मी टाइप केली. याद्या माझ्याकडेच असत.

अब्बासभाईंनी साहेबांकडून चार दिवस मागून घेतले. तिसऱ्या दिवशी ते पुस्तक काखेत मारून स्टोअरमध्ये आले.

"हे ऐका. एक डॉक्टर दुसऱ्याला लिहितोय, आमच्याकडे लोकांना असाच मुरडा येतो नि हात लुळे पडतात. रम पिणाऱ्यांना. त्यांच्या भट्टीच्या नळ्या शिशाच्या होत्या."

"म्हणजे आपले लोक चोरून पितात!"

"पिणारे दोघंच आहेत. दोघंही ठणठणीत." त्यांनी पुस्तक मिटलं. "अकराही जण कासिमच्या मेसमध्ये जेवतात. पठाण मजूर आपली रोटी आपण भाजतात, त्यांच्यातला एकही आजारी नाही. कासिम मच्छीच्या सालनात सोलं घालतो, आणि उरलेलं सालन दुसऱ्या दुपारपर्यंत तांब्याच्या डेगीतच असतं. आंबट. तुमचं रजिस्टर द्या."

कार्बनच्या नोंदी बघायच्या असणार, असं मला वाटलं. दिलं. त्यांचं बोट पानावरून खाली आलं आणि थांबलं. अक्षर माझं होतं : 'कथील संपले. डेगीच्या कल्हईसाठी किचनला सोल्डरच्या कांड्या सहा.'

काम अडू दिलं नाही, म्हणून त्या दिवशी मी स्वतःवर खूश होतो.

"वर्कशॉपवाला म्हणाला, दोन्ही सारखंच," मी म्हणालो.

"त्याचं तुम्ही ऐकलंत. कांडीत काय आहे ते पाहिलंत?"

कांडीत निम्मं शिसं होतं, आणि आंबट सालनात ते रात्रभर उतरत होतं. अब्बासभाईंनी रजिस्टर माझ्यापुढे उघडंच ठेवलं आणि बाहेर गेले. थर्मामीटर वाचायची ती वेळ नव्हती. पान माझ्या चिमटीत होतं. ते गेलं असतं तर दोष कासिमच्या माथी बसला असता, किंवा त्या अकरांच्या. मी पान फाडलं नाही ते प्रामाणिकपणामुळे, असं सांगायला मला आवडलं असतं. खरं कारण वेगळं होतं. या माणसाकडे त्या नोंदीची नक्कल असणारच, अशी माझी खात्री होती.

रजिस्टर घेऊन मी साहेबांकडे गेलो. शहरातून डॉक्टर आला, त्यानं हिरड्यांवरची शिशाची निळसर रेघ दाखवली. यादी रद्द झाली, डेग भंगारात गेली. कामगारांना 'भांड्याचा दोष' एवढंच सांगण्यात आलं. माझ्याकडून स्टोअर काढून मला गेटवर बसवलं. हळूहळू दहाजण बरे झाले. युसुफचा हात पुरता सुधारला नाही. तो घरी गेला, आणि मी त्याच्याशी एक शब्दही बोललो नाही.

पुढे एकदा मी अब्बासभाईंना विचारलं, "नक्कल होतीच ना तुमच्याकडे?"

"कसली नक्कल? ते रजिस्टर मी तेव्हा पहिल्यांदा उघडलं."

"मग बाहेर का गेलात?"

"खिडकीतून तुम्हाला बघायला. मी संशयी माणूस आहे, भाऊ."

दोन वर्षांनी ते केळशीला परतले. मग मलाही पत्रं येऊ लागली, पहिलं टपालानं आणि तेच पुन्हा कोणाच्या तरी हाती. आधी वारा, मग गावातले ताप, विहिरीचं पाणी, आणि शेवटी एक ओळ युसुफच्या हाताची. 'पेला उचलतो, भरलेला नाही.' 'शर्टाची बटणं लावतो.' त्याखाली नेहमीचा प्रश्न : 'तुम्ही त्याला कधी लिहिणार?' दर जानेवारीत नव्या डायरीच्या पहिल्या पानावर मी 'युसुफ, पत्र' असं लिहीत असे आणि दर डिसेंबरात ते पुढच्या डायरीत उतरवत असे.

अब्बासभाई गेल्याचं त्यांच्या पुतण्यानं कळवलं. सुट्टीत केळशीला जाऊन त्यांच्या घरच्यांना भेटलो, मग युसुफचं घर विचारत गेलो. त्यानं किराणामालाचं छोटं दुकान टाकलं होतं. डाव्या हातानं तो साखर तोलत होता. मी नाव सांगितलं आणि सगळं एका दमात बोलून टाकलं. कथील, कांड्या, रजिस्टर.

त्यानं पुडी बांधून गिऱ्हाइकाला दिली.

"भांड्यात शिसं कुणी घातलं, हे मी अब्बासचाचांना किती वेळा विचारलं," तो म्हणाला. "ते म्हणायचे, तो येईल आणि स्वतः सांगेल. मी म्हणायचो, नाय यायचा. पैज होती आमची."

त्यानं उजवा हात डाव्यानं उचलून गल्ल्यावर ठेवला आणि बाहेर रस्त्याकडे बघत राहिला.

"जिंकला म्हातारा," तो म्हणाला.