मालतीचा हात

जरा जवळ सरकून बसा बघू. तुम्ही मंडळी अर्धं वाचता, 'म्हातारीचं काहीतरीच' म्हणता आणि पान उलटता... माहितीये मला. आज तसं करायचं नाही. भूतखेत मी कधी मानलं नाही, आजही मानत नाही. शाळा चौथीपर्यंतच, पण डोकं शाबूत आहे माझं.

एकोणीसशे पन्नासनंतरची दोन-चार वर्षं असतील. आम्ही घाटकोपरला राहायचो. शेजारची मालती माझी जिवाची मैत्रीण, आणि तिचा मोठा भाऊ वसंता हापिसात कारकून. त्याला पक्ष्यांचं भारी वेड. थंडीतल्या एका रविवारी त्यानं ठरवलं, भांडुपच्या खाडीत होडीतून पक्षी बघायचे. वल्हवताना फुटतील म्हणून आम्ही दोघींनी बांगड्या काढून मालतीच्या आईच्या फडताळात ठेवल्या. मोकळ्या हातांनी पाण्यावर जाऊ नये, म्हणून त्या माउलीनं दोघींना झापलं होतं.

मिठागरांच्या पलीकडे धर्माकाका म्हणून एक कोळी राहायचे. त्यांची लहान होडी घेतली. वसंतानं पेपरातलं ओहोटीच्या वेळेचं कात्रण खिशात ठेवलेलं... अकराला ओहोटी संपणार, मग पाणी चढणारच. काका म्हणाले, ही वेळ बंदराची, आमच्याकडे पाणी उशिरा फिरतं. वसंता हसला. छापलेलं खोटं कसं असेल?

सकाळ झकास गेली हो! चिखलावर निवट्या, ते चिखलातले मासे हो, टुणटुण उड्या मारत होत्या, तुतारी पक्ष्यांचे थवेच्या थवे... बांधावर एक कोल्हा आमच्याकडे बघत उभा होता, अगदी पाहुणे आल्यासारखा. मालती म्हणाली, "वसंता, तुला बघायला आलाय तो. मुलगी आहे वाटतं त्याच्याकडे." इतकी हसलो की होडी डुलायला लागली.

साडेअकराला वसंतानं घड्याळ पाहिलं आणि होडी तिवरांमधल्या एका अरुंद फाट्यात घातली. आता पाणी वाढतंय म्हणाला. ते उतरतच होतं. पाचच मिनिटांत होडी चिखलात बसली.

गप्प बसून राहायचं, पाणी आलं की निघायचं — एवढंच करायचं होतं. पण मालतीला संध्याकाळी बघायला येणार होते. वसंता पुढच्या टोकाला, आमच्याकडे पाठ करून, वल्ह्यानं चिखल रेटत होता. मालती म्हणाली, मी उतरून ढकलते. मी 'अगं' म्हणेपर्यंत उतरलीसुद्धा.

गुडघ्यापर्यंत गेली. मग कमरेपर्यंत. मी तिचा हात धरला. ओढलं तशी होडी कलली, आणि चिखल तिच्या छातीला लागला. तिनं माझ्याकडे पाहिलं... ते डोळे मला अजून दिसतात.

आणि मी हात सोडला.

होय. निसटला नाही, सोडला. होडी उलटून मीही जाईन, एवढंच मनात आलं. दोन्ही हातांनी तोंड झाकलं. कानावर आली ती फक्त वल्ह्याची खरखर.

मग होडीला हिसका बसला. डोळे उघडले तर मालती होडीच्या काठावर पालथी, अर्धी आत, धापा टाकतेय. मी पुढे होऊन तिला आत घेतलं. तेव्हा कुठे वसंता वळला. "शाब्बास गं," म्हणाला मला.

मी पदरानं मालतीच्या तोंडावरचा चिखल पुसत राहिले.

बऱ्याच वेळानं पाणी आलं नि आम्ही काठाला लागलो. मालतीच्या उजव्या मनगटातून रक्त येत होतं. होडीचा खिळा लागला असेल, असं वसंताचं म्हणणं. काकांच्या बायकोनं हळद लावायला हात धुतला. पाहते तर चार बारीक, अर्धगोल जखमा. एकीतून त्या बाईनं सुईनं हिरव्या काचेचा तुकडा काढला. मालती ग्लानीत, भिंतीकडे तोंड करून पडलेली. बाईनं काच बघितली, मग माझी मनगटं.

"तुझे हातान त बांगऱ्या नाय," एवढंच म्हणाली. काच पदरात बांधली आणि बाहेर गेली.

चिखलात काय, कुठलीही काच असेल, म्हणाल. मीही स्वतःला तेच सांगत आले. पण मग तिला वर कुणी ओढलं? वसंता पाठमोरा होता. आणि मी... मी तर सांगितलंच.

मालती वाचली, लग्न झालं, मुलुंडला संसार केला. आणि प्रत्येक बारशाला, प्रत्येक मुंजीला लोकांना सांगत राहिली — हिनं माझा हात सोडला नाही. नातीचं नावही माझंच ठेवलं. प्रत्येक वेळी मी हसून खाली बघायचे.

मालती, हा अंक तुझ्याकडे येतो, मला ठाऊक आहे. रागाव, हवं ते बोल. पण माझ्या गुडघ्यांना आता जिना उतरवत नाही, म्हणून तूच ये. लवकर ये गं. तुझं ते मनगट मला एकदा उजेडात नीट बघायचंय.