‘तूर्त’ वाचायला शिकवणारे सर

सात रस्त्यावर येल्लप्पा जॉबरनं मला हटकलं आणि सायकलवरून न उतरताच म्हणाला, “माने, तुमचे सर गेले की सकाळी. समजलं न्हाय का?” मी तसाच वळलो आणि मातीला पोचलो. कॉलेजातले चार-दोन प्राध्यापक होते, भाऊबंद होते. गिरणीतलं मात्र एक माणूस नव्हतं. येल्लप्पासुद्धा आला नाही. हाच येल्लप्पा एके काळी आमच्या वर्गात पहिल्या बाकावर बसायचा आणि मागखात्यात भेटेल त्याला ‘आमचे सर’ म्हणून सांगत सुटायचा. ‘आमचे’चं ‘तुमचे’ कसं झालं ते मला ठाऊक आहे. माझ्याइतकं ते कुणालाच ठाऊक नाही. म्हणून महिना उलटल्यावर का होईना, लिहायला बसलोय.

बिराजदार सर मूळचे आमच्याच गिरणीतले. टाइम ऑफिसात दहा वर्षं कारकुनी करता करता शिकले आणि कॉमर्स कॉलेजात गेले. दुष्काळाच्या आदल्या वर्षी त्यांनी सकाळी साडेसहाचा व्यवस्थापनाचा वर्ग काढला. नोकरी करणाऱ्यांसाठी. आम्ही पंधरा-सोळा जण होतो. कारकून, जॉबर म्हणजे मागांवरचे मुकादम, अक्कलकोट रोडला टॉवेलचा नवा कारखाना टाकलेले एक गृहस्थ, आणि गिरणीच्या लेबर ऑफिसातला टायपिस्ट, म्हणजे मी. पुस्तक नावालाच असायचं. सर मुंबईचा आदल्या दिवशीचा पेपर घेऊन यायचे, व्यापाराचं पान उघडायचे आणि एकच बातमी तासभर सोलत बसायचे. कुठल्या कंपनीत संचालक बदलला, कुठं संप मिटला, कुठं ‘सर्व सुरळीत’ असल्याचा खुलासा आला. “ज्यानं विचारलंच नाही त्याला खुलासा कशाला देतात, सांगा की,” असं म्हणून ते चष्म्यावरून बघायचे. शितावरून भाताची परीक्षा म्हणतात ती मी तिथं शिकलो असं म्हणायला हरकत नाही... शिकलो म्हणजे, सरांना वाटलं तितकं नाही.

एकदा त्यांनी विचारलं, “ही बातमी सगळ्यात आधी कुणाला कळली असंल?” कुणी मालक म्हटलं, कुणी मॅनेजर. सर हसले. “टायपिस्टाला! मॅनेजर नुसती सही करतोय. वाचतो कोण? टायपिस्ट.” सगळा वर्ग माझ्याकडे बघून हसला. मीही हसलो. पण त्यांचा सगळ्यात लाडका शब्द ‘तूर्त’. लाडका म्हणजे वैऱ्यासारखा लाडका. ‘तूर्त स्थगित’, ‘तूर्त बंद’. ते म्हणायचे, “कायम म्हणायची छाती नसली की माणूस तूर्त म्हणतोय. पेपरात हा शब्द दिसला की थांबायचं आणि त्याच्या मागं कोण उभाय ते बघायचं.”

दुष्काळाचं साल उजाडलं. विहिरी आटल्या, वीजकपात सुरू झाली, कापसाच्या गाड्या कमी झाल्या. गिरणीचा भोंगा वेळेवर व्हायचा, पण ऑफिसात साहेब लोक दार लावून बोलू लागले. एका दुपारी मॅनेजरसाहेबांनी मला आत बोलावून तीन ओळींचा मसुदा टाइप करायला दिला. ‘वीजकपातीमुळे तिसरी पाळी तूर्त बंद ठेवण्यात येत आहे. सर्व संबंधितांनी सहकार्य करावे. आज्ञेवरून.’ तारखेची जागा कोरी. “हे तुझ्या खणात ठेव, माने. वेळ आली की सांगीन. आणि तोंड बंद.” मी खणाला कुलूप घातलं. चारशे माणसांची पाळी माझ्या खणात पडली होती आणि ती माणसं रोज माझ्या खिडकीवरून ‘काय माने, बरं हाय का?’ विचारत जात होती. मी ‘बरं हाय’ म्हणायचो. नोकरी माझीही होती.

त्याच आठवड्यात सरांनी कुठल्याशा परगावच्या गिरणीची बातमी वाचली आणि घरचा अभ्यास दिला: “समजा, तुमच्या गिरणीत एक पाळी बंद करायचीय. नोटीस कशी लिहाल? आपल्या मनानं लिहून आणा.” आता मी काय केलं ते ऐका. मी जेवणाच्या सुट्टीत गिरणीच्याच कागदावर, गिरणीच्याच मशीनवर, खणातला मसुदा जसाच्या तसा उतरवला. शाबासकीचा मोह होता हे कबूल. शिवाय ते पोटात राहत नव्हतं, कुठंतरी ओकायचं होतं, आणि घरच्या अभ्यासात ते कोण ओळखणार, असं वाटलं. कारकुनाची हुशारी ती एवढीच.

सरांनी माझा कागद वर्गात मोठ्यानं वाचला. “बघा, तूर्त कसा टाकलाय! लई भारी, माने.” कागद बाकाबाकावरून फिरला आणि उतरवून घ्यायला म्हणून येल्लप्पानं खिशात घातला. दुपारी कँटीनमध्ये त्यानं तो कौतुकानं काढला. शेजारच्यानं वाचला, तर कागद गिरणीचा आणि खाली ‘आज्ञेवरून’. येल्लप्पा ‘अरे, शाळेतला हाय, शाळेतला’ म्हणून ओरडत राहिला, पण ऐकतो कोण? अर्ध्या तासात ती बातमी तेलुगूत, कन्नडमध्ये, मराठीत सगळी गिरणी फिरली आणि माग थांबले. तीनच्या सुमाराला तिसऱ्या पाळीची माणसंही घरून येऊन गेटवर उभी राहिली. मॅनेजरसाहेबांनी कॉलेजात शिपाई धाडला.

सर सायकलवर आले तेव्हा घामानं निथळत होते. गेटच्या आत साहेब होते, मी होतो. सरांनी मला जरा बाजूला घेतलं आणि हळूच विचारलं, “माने, हे तू मनानंच लिहिलंयस की?” साहेब माझ्याकडे बघत होते. मी म्हणालो, “हो सर.”

दोन शब्द. झालं.

सर वॉचमनच्या स्टुलावर चढले. “ही नोटीस माझ्या वर्गातली हाय. मी लिहायला सांगितली, चूक माझी हाय. खरी न्हाय. माझ्या शब्दावर कामाला जावा.” पुढे मल्लेशम उभा होता. साखर पेठेतला विणकर, तिसऱ्या पाळीतला. वर्गातल्या त्या टॉवेलवाल्यांनी त्याला मागावर बोलावलं होतं आणि त्याच संध्याकाळी तो होकार कळवायला जाणार होता, हे मला माहीत होतं. तो म्हणाला, “सर, तुमी सांगताय म्हणून जातो. टॉवेलवाल्याला नको म्हणतो.” मी मूग गिळून उभा राहिलो. लोक पांगले, माग सुरू झाले, आणि साहेबांनी माझ्या पाठीवर थाप मारली. ती थाप अजून पाठीवर आहे.

सव्वा महिन्यानं मी खण उघडला, तारीख घातली आणि शिपायानं नोटीस बोर्डावर लावली. अक्षर न् अक्षर तेच. सर कुणाकडून तरी ऐकून आले. मी खिडकीतून बघत होतो. त्यांनी ती एकदा वाचली, मग चष्मा पुसून पुन्हा वाचली. खिडकीकडे त्यांनी मान वळवली नाही... वळवली असती तर मी काय केलं असतं, देव जाणे. गेटवर कुणीतरी ‘मालकाचा मास्तर’ म्हणून ओरडलं. मल्लेशम नुसता थुंकला. टॉवेलच्या कारखान्यातली जागा कधीच भरली होती. तो पुढं दोन वर्षं रोजंदारीवर फिरला. तिसरी पाळी आजतागायत सुरू झालेली नाही. आणि कॉलेजनं सरांना पत्र दिलं, त्यात लिहिलं होतं: वर्ग तूर्त बंद.

मल्लेशम मराठी वाचत नाही, पण त्याची मुलगी शिकलेली आहे. तिनं हे त्याला वाचून दाखवावं. सर खोटं बोलले नव्हते. खोटा मी होतो.

एवढं होऊनही सरांनी मला कधी काही विचारलं नाही. मी दर रविवारी त्यांच्याकडे जात राहिलो, चोराच्या मनातलं चांदणं घेऊन. परवा पुन्हा गेलो. सरांच्या पत्नीनं, काकूंनी, चहा दिला आणि सहज म्हणाल्या, “तुमी आलात की चहा झाल्यावर ते पेपर घडी करून ठेवायचे, आठवतंय का? आणि मला डोळ्यानं खुणवायचे, आत जा म्हणून. मी एकदा विचारलं, मी असले तर काय बिघडतंय? तर म्हणाले, माने काहीतरी बोलणार हाय. माझ्यासमोर बोलंल, तुझ्यासमोर त्याला जड जाईल.” मला आठवलं. चहा झाला की सर गप्प व्हायचे, पंधरा-वीस मिनिटं. मला वाटायचं, थकले. मग मी ‘येतो सर’ म्हणायचो आणि ते म्हणायचे, “ये, पुढच्या रविवारी ये.” अशी पाच वर्षं.

काकूंनी माझ्या हातातली कपबशी घेतली. टेबलावरचा पेपर घडी करून बाजूला ठेवला, सरांच्या खुर्चीकडे एकदा बघितलं आणि उठून आत गेल्या.