मिशीची पैज

बोरिवलीच्या आमच्या सलूनमध्ये रविवारी सकाळी टीव्हीवर बॉक्सिंग लागलं, की ते काका हमखास असायचे. नाव मी कधी विचारलं नाही. मिशी मात्र लांबूनही ओळखू यायची, जाड, पांढरी, टोकांना पीळ दिलेली.

त्यांचा आवडता बॉक्सर हेवीवेट चॅम्पियनशी लढला, तेव्हा "तो हरला तर मिशी उतरवीन," असं ते सगळ्यांसमोर बोलून बसले. गडी चौथ्या राउंडला आडवा झाला. काका मुकाट खुर्चीत बसले आणि सलूनवाल्याला म्हणाले, "उतरव."

त्याच दोघांची पुन्हा लढत ठरली, तोवर मिशी परत पिळण्याजोगी झाली होती. मी म्हटलं, "काका, ह्या वेळी तरी चॅम्पियनच्या बाजूने बोला ना. मी ह्याही वेळी तेच करतोय."

"पडलेलो गडी परत उभो रवता," काका माझ्याकडे न बघता त्यांच्या मालवणीत म्हणाले, "मगे मी कित्याक पळू?"

मिशी पुन्हा पणाला लागली.

ह्या खेपेला लढत शेवटच्या घंटेपर्यंत गेली आणि पंचाने चॅम्पियनचाच हात वर केला. माझा अंदाज दोन्ही वेळा बरोबर आला होता, पण टाळी द्यायला कोणी हात पुढे केला नाही. सगळे काकांकडे बघत होते. ते खुर्चीत जाऊन बसलेही होते.

सलूनवाला घुटमळला. "राहू द्या काका, गंमत होती."

"गंमत नाय. उतरव."

फेस लागला तरी त्यांची नजर आरशातल्या टीव्हीवरच होती.

"बघितलंस मां?" फेसाआडून ते हसले. "आज पडूक नाय तो."