सरळ न केलेला ठेका

माझे भावोजी सोफे मढवतात. आमच्या नातलगांत हे वाक्य नेहमी किंचित आवाज उतरवून उच्चारले जाते, आणि त्या उतरलेल्या आवाजाविषयी माझी तक्रार जुनी आहे. ज्या रॉक बँडची गाणी हीच मंडळी प्रवासात घसा ताणून म्हणतात, त्या बँडचे पहिले ड्रमवादक भावोजी होते. पहिली ध्वनिमुद्रिका त्यांच्यासह पूर्ण झाली होती. कंपनीने ती कपाटात टाकली, लय धावते असा ठपका ठेवून भावोजींना घालवले आणि तीच गाणी दुसऱ्याला बसवून पुन्हा मुद्रित केली. पुढे बँडचा डंका वाजला. भावोजींचा जिवलग मित्र असलेला गिटारवाला त्यांना काढले तेव्हा मूग गिळून बसला आणि पुढे उंबऱ्याकडेही फिरकला नाही.

लय धावत असे, हे खरे आहे. गायक ध्रुवपदाकडे वळताना खोल श्वास घेई. तो कानी पडला की भावोजींचे हात पुढे सरत. "माणूस उडी मारणार हे दिसत असताना मी पायऱ्या मोजत बसू?" असे ते आजही विचारतात.

गेल्या वर्षी गायक वारला आणि कंपनीला त्या अप्रकाशित ध्वनिमुद्रणांचा एकाएकी उमाळा आला. हयातीत अडगळ आणि पश्चात ठेवा, ही या धंद्याची रीतच आहे. कंपनीचे एक गोड बोलणारे अधिकारी दुकानात आले. भावोजी खुर्चीवर कापड ताणत होते, ओठांत बारीक खिळे धरलेले. ड्रमचा धावता ठेका संगणकावर सरळ करून घेऊ, कोणाला पत्ताही लागणार नाही, वेष्टनावर तुमचे नाव ठळक येईल, फक्त संमती द्या, असे अधिकाऱ्यांनी आर्जवाने सांगितले. भावोजींनी शेवटचा खिळा ठोकून तोंड मोकळे केले.

"एकदा माझ्या जागी दुसरा बसवलात. आता माझ्याच नावाने बसवताय?"

ताई मात्र संतापली. सासरच्यांनी ते नाव एकदा छापलेले पाहावे, एवढीच तिची आयुष्यभराची इच्छा. ठेका कोण मोजायला बसलंय, असे तिचे म्हणणे. मी भावोजींची बाजू घेताच तिने मला गप्प केले, "तुला भांडायला नेहमी दुसऱ्याचं अंगण लागतं."

गिटारवाल्याचीही संमती आवश्यक असल्याने अखेर दोघांना स्टुडिओत बोलावण्यात आले. ताईने मलाही सोबत धाडले, बहुधा भावोजींना वळवण्यासाठी. दोघे मित्र एकाच बाकावर, मधे तिसरा मावेल एवढे अंतर राखून बसले.

प्रथम सरळ केलेले गाणे वाजले. त्या काळी बँडचे चौघे एकाच खोलीत, एकदमच वाजवीत. एकमेकांचे ऐकत एकमेकांना धरून चालत. आता ड्रम तेवढा शिस्तीत आणला होता. परिणाम असा, की ध्रुवपद येताच गायक घाईला आल्यासारखा भासू लागला, आणि गिटार त्याच्यामागे धापा टाकू लागली. जो उत्तर द्यायला हयात नव्हता, त्याच्या माथी दोष गेला होता.

मग मूळ मुद्रण लावले. तो श्वास ऐकू आला, आणि चौघेही एका झेपेत पुढे गेले.

गिटारवाल्याने आपल्या बोटांकडे पाहिले. "धावत तर आपण सगळेच होतो," तो म्हणाला.

"होतो की. हाकललं मात्र एकालाच."

त्यावर त्याने क्षमा मागितली नाही. अधिकाऱ्यांकडे वळून, आहे तसे काढा, नाहीतर माझीही सही मिळणार नाही, असे बजावले. लोक नावे ठेवतील, अशी भीती अधिकाऱ्यांनी घातली.

"ठेवू देत," भावोजी म्हणाले. "माझ्या वाजवण्यालाच ठेवतील ना?"

ध्वनिमुद्रिका जशीच्या तशी निघाली. एका विद्वान समीक्षकाने भावोजींचे पूर्ण नाव घेऊन त्यांची लय सैल असल्याचे लिहिले. मी खरमरीत उत्तराचा मसुदा घेऊन दुकानात पोहोचलो, तेव्हा ताई गल्ल्यापाशी उभी राहून तेच परीक्षण आपल्या नणंदेला, त्या शेऱ्यासकट, ठणठणीत आवाजात वाचून दाखवत होती.