न छापलेलं पत्रक

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बाबांनाही नाही — ज्यांच्या युनियनची पत्रकं वाचत मी अक्षरं शिकले.

मला ओळखत असाल, तर माझ्या पत्रकांमुळेच. सामूहिक दाव्यांचा कायदा बदला, दाव्याला पैसा कोण पुरवतो ते उघड करा, तडजोडीआधी घरोघरी विचारा — बडोद्यात हल्ली मी हेच लिहिते. मागण्या बरोबरच आहेत. पण त्या मला सुचल्या कुठून?

बडोद्याबाहेर, नंदेसरीच्या कारखान्यांजवळच्या एका वस्तीत बोअरचं पाणी पिवळं यायला लागलं. शेजारच्या कारखान्यावर सगळ्यांच्या वतीने एकच दावा झाला. खर्च एका गुंतवणूकदाराचा, भरपाई मिळाली की त्यात त्याचा वाटा. वस्तीला बातमी पोचवणं माझं काम. कोर्टाची तारीख झाली की दारोदार पत्रक, मराठीत आणि गुजरातीत. वस्तीतल्या कुसुमकाकू उंबऱ्यातच अडवायच्या. "वकील काय बोलतो ते राहू दे. तू काय लिहिलंस ते वाच." आणि दरवेळी तेच — "पैसे नकोत गं, पाणी चोख्खं करून द्या म्हणावं."

मग तडजोड ठरली. भरपाई होती. पाण्याबद्दल अक्षर नव्हतं.

कुणाची हरकत असेल तर कळवा, अशी नोटीस कोर्टाने काढायला लावली. ती आली इंग्रजी पेपरात, आतल्या पानावर. कायद्याला तेवढं पुरतं. वकील म्हणाले, या वेळी पत्रक नको, हरकती आल्या तर गुंतवणूकदार अंग काढून घेईल. मी भांडले का? एरवी कशावरूनही भांडणारी मी? नाही. दुसऱ्या एका वस्तीचा दावा मला त्याच माणसाच्या पैशावर उभा करायचा होता. आणि — खरं सांगते — "आपण जिंकलो" हे मथळ्यात लिहायची मला घाई झाली होती.

मी मांजलपूरला घरी बसून राहिले. मुदत संपली. वस्तीतून एकही हरकत गेली नाही. कशी जाणार होती?

कोर्टाने मान्यता दिल्यावर मी पत्रक छापलं, नेहमीसारखं दारोदार वाटलं. काकूंनी शेवटपर्यंत वाचून घेतलं.

"आणि पाणी?"

"कुणी हरकतच घेतली नाही ना, काकू," मी म्हणाले.

 त्या म्हणाल्या, "हो गं. मीसुद्धा नाही घेतली."

नोटिशीचं मी सांगितलं नाही; चूक त्यांचीच, असं त्यांना समजू दिलं. पत्रक त्यांच्या हातात ठेवलं, आणि पुढच्या दाराची कडी वाजवली.